एक कलम बेल्ह्याचं

मी एक जुनी तुती आहे, मित्रांनो, आणि मला गप्प राहणं काही जमत नाही. घोडेगावहून डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून खंडूभाऊंचं शेत आहे. तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर मी उभी आहे. माझ्या बुंध्यावर मांडीच्या उंचीला एक जाड गाठ दिसेल. त्या गाठीच्या खाली मी आहे, आणि वर... थांबा, सगळं आत्ताच सांगून टाकलं तर काय मजा!

१९९६ साली खंडूभाऊंनी रेशमाच्या किड्यांसाठी एकरभर तुती लावली. त्या काड्यांतली एक मी. किडे नुसते खादाड. दर दोन-अडीच महिन्यांनी खंडूभाऊ आम्हाला गुडघ्याएवढं ठेवून छाटायचे आणि आम्ही दुप्पट जोमानं फुटायचो. रस्त्यानं जाणारे थांबून कौतुक करायचे. मी तर फुगून जायचे. पुढे शेजारच्या टोमॅटोवरची फवारणी वाऱ्यानं आमच्या पाल्यावर यायला लागली, किडे मरायला लागले आणि ते काम बंद पडलं. सगळी तुती उपटली. न्हाणीच्या कडेची म्हणून मी तेवढी वाचले. त्यानंतर माझ्यावर फक्त ओली फडकी वाळायची. माझी फळं म्हणाल तर हरभऱ्याएवढी आणि आंबटढाण. चिमण्यासुद्धा एक चोच मारून उडून जायच्या. वाईट वाटायचं हो.

खंडूभाऊंची बायको द्रौपदाबाई, तिचं माहेर बेल्हे. तिथे तिच्या वडिलांच्या दारात काळ्याभोर फळांची तुती होती. तिच्या काड्या द्रौपदाबाईनं दोनदा आणून लावल्या, पण त्या जातीला मुळ्याच फुटेनात. मग २००३ च्या जानेवारीत तिचा धाकटा भाऊ गेणभाऊ मोटारसायकलवर आला. मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या.

“अक्का, स्लॅबचं घर बांधतोय. झाड मधी येत व्हतं,” तो खाली मान घालून म्हणाला. “सकाळीच पाडलं. चांगल्या डोळ्यांच्या पाचच काड्या घावल्या.”

द्रौपदाबाईनं गोणपाट उलगडून काड्या मोजल्या. त्या पाच काड्या जगल्या तर वडिलांचं झाड राहणार होतं, नाहीतर संपलं.

खंडूभाऊ म्हणाले, “त्यापरीस नर्सरीतली लांब हिरवी तुती आणू. बोटाएवढं फळ, लई गोड.”

“खाल्लीय म्या. नुसतं साखरंचं पाणी,” ती म्हणाली. “आमच्या फळाला गोडाच्या मागून जरा आंबट येतं. घरी खायाला तीच पायजे.”

आणि कलम बांधायचं ठरलं कुणावर, तर माझ्यावर! माझी मुळं दांडगी ना. द्राक्षबागेत कलमं बांधणारे रखमाजी आले. त्यांनी माझे पाच फोक कापले, मधोमध चिरले, काड्यांना पाचर तासली आणि चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलं. पहिल्या दोन त्यांनी घाईनं बसवल्या, तेव्हा माझा पांढरा चीक भळभळत होता. पुढच्या तिघींच्या वेळी मात्र चीक थांबेपर्यंत थांबले. झालंही तसंच. घाईतल्या दोन वाळल्या आणि उरलेल्या तिघींना हिरवे डोळे फुटले. माझ्या अंगावर दुसऱ्या झाडाची पानं! मला तर धड झोपच येईना.

खरं सांगते, मला थोडा हेवाही वाटला. कलमाच्या जोडाच्या गाठीखालून मी गुपचूप माझे स्वतःचे फुटवे काढले. ते भराभर वाढले आणि वरच्या पाहुण्या पडल्या मलूल. तेवढ्यात गेणभाऊच्या नव्या घराचा कार्यक्रम आला म्हणून द्रौपदाबाई बेल्ह्याला गेली. इकडे खंडूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, “मरगळलीय. छाटली का फुटंल.” रेशमाच्या दिवसांतला हात तो. करवत आणली आणि गुडघ्याएवढं ठेवून, म्हणजे गाठीच्याही खालून, एक फोक उडवला, पट्टीसकट. मग दुसरा.

आता ऐका. डिंभ्याकडची गाडी कधी म्हणजे कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी आली. द्रौपदाबाई पिशवी घेऊन उतरली, तेव्हा करवत तिसऱ्या फोकावर टेकली होती.

“अवं, काय करताय? त्यो माझ्या बापाचा हाय,” ती म्हणाली.

खंडूभाऊंच्या हातातून करवत गळाली. “मला वाटलं, जोमानं फुटंल,” ते पुटपुटले. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत त्यांनी माझ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि गाठीखालचा माझा एकूण एक फुटवा हातानं खुडला. मला दुखलं, पण वरच्या एकुलत्या एका फांदीनं मान वर काढली. मग मीही हट्ट सोडला. जे पाणी वर ओढलं, ते तिलाच दिलं.

पुढच्या मार्चमध्ये काळीभोर फळं लागली. पहिलं फळ द्रौपदाबाईनं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि दुसरं खंडूभाऊंच्या हातावर ठेवलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

पाच वर्षांनी गेणभाऊ आला. त्यानं फळं खाल्ली आणि जांभळे हात बघत बसला. “अक्का, दार लई मोकळं वाटतंय. काड्या देशील का?”

“नुसत्या नेशील तर मुळ्या फुटायच्या न्हाईत,” ती म्हणाली. “आधी खालची ने. पुढच्या साली वरची बांधाय मी सोता येते.”

मित्रांनो, खालची म्हणजे मी! त्या वर्षी खंडूभाऊंनी माझे फुटवे खुडले नाहीत. ते बोटाएवढे जाड झाल्यावर त्यांच्या काड्या केल्या आणि ओल्या गोणपाटात बांधून दिल्या. ज्यांना कधी कुणी विचारलं नाही, ते माझे फुटवे मोटारसायकलवर बसून बेल्ह्याला गेले. तिथे ते रुजले आणि पुढच्या साली द्रौपदाबाईनं जाऊन त्यांच्यावर वरच्या काड्या बांधल्या.

तेव्हा तुमच्या दारी कलम असेल तर गाठीखालचा फुटवा काढत जा, झाड रागावत नाही. गाठीला खुणेची एक चिंधी बांधा आणि करवत उचलण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. काढलेला फुटवाही फेकू नका. बेल्ह्यात आज द्रौपदाबाईच्या वडिलांची तुती पुन्हा दारात उभी आहे, आणि ती माझ्या पायांवर उभी आहे.