सरकणारा सा

मंगळवार जवळ आला की अंजनाच्या घशाखाली घास उतरेनासा व्हायचा. मंगळवारी स्वरज्ञानाचा तास असे. सबनीस बाई पेटीवर एक सूर धरून म्हणायच्या, "हा सा." मग दोन-चार सूर वाजवायच्या आणि ज्या मुलीकडे बघतील तिनं ते सूर ओळखायचे. खेळच म्हणायचा. बाकीच्या मुली हसतखेळत उत्तरं देत. अंजना मात्र बाईंची नजर चुकवायला पेनाचं टोपण खाली पाडायची.

अंजना अंबरनाथची. तिचे दादा, म्हणजे वडील भीमराव, काड्यापेटीच्या कारखान्यात मशीनवर होते आणि सुटीच्या दिवशी गायन पार्टीचे मुख्य गायक. विहारात, जयंतीच्या मंडपात, कुणाच्या बारशाला, कुठंही बोलावणं आलं की पेटी खांद्याला अडकवून निघायचे. त्या पेटीशेजारी बसूनच अंजना मोठी झाली होती. एकदा ऐकलेली चाल तिच्या गळ्यात बसली की बसली. म्हणूनच बारावी झाल्यावर भीमरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. पोरीला उल्हासनगरच्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए.ला घातलं. पार्टीत तर जाहीरच करून टाकलं, "आमची अंजू संगीताची मास्तरीण होनार."

आणि इथं कॉलेजात मास्तरीणबाईंना साधा सा ओळखता येत नव्हता.

"अंजना, सांग," एका मंगळवारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी तीन सूर वाजवले.

"म ध सा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पेटीवरचा हात उचलला.

"सा ग प. अगं, सा तर मी आधीच दिला होता. दिलेला सूरही कळू नये?"

अंजनाचे कान तापले. तिला मनात जरा जरी शंका असती तर ती गप्प बसली असती. पण तिला ते म ध सा असेच ऐकू आले होते, स्वच्छ, कुणी नाव घेऊन हाक मारावी तसे. आपल्याच कानांवर विश्वास ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर?

दुसरी भीती फळ्याची. बाई फळ्यावर नवी स्वरलिपी लिहायच्या आणि ती आधी न ऐकता, बघून थेट गायची असे. अंजना मागे बसायची. पुढच्या बाकावरची मैत्रीण लाजू गाऊन झाली की तिचं ऐकून ती हुबेहूब म्हणून दाखवायची. असं करत दिवाळीपर्यंत निभावलं. पण एक दिवस बाईंनी तिला तासानंतर थांबवून घेतलं.

"परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतात. आत एकेकीला बोलावतात. तेव्हा लाजू पुढं नसेल, माहीत आहे ना?"

अंजनाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"गळा चांगला आहे तुझा," बाई जरा सौम्य झाल्या. "पण कान तयार नसेल तर पास कशी होशील? विषय बदलायचा तर अजून वेळ आहे. घरी विचार."

घरी आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

लाजू उल्हासनगरच्याच कॅम्प चारची, सिंधी. खाली तिच्या काकांचा जीन्स शिवायचा कारखाना आणि वर घर. लहानपणापासून दरबारात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, भजनं म्हणणारी. तिनं अंजनाला ओढतच घरी नेलं, समोर पेटी ठेवली आणि म्हणाली, "एक बात सांगू? तू गलत सांगतेस, पण हर बार सारखंच गलत सांगतेस. मी बघत होते. आता डोळे बंद कर."

तिनं एक पट्टी दाबली. "हे काय?"

"म."

"आणि हे?"

"सा. हा सा."

"डोळे उघड."

लाजूचं बोट काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर होतं. अंजना बघतच राहिली. दादांची पेटी, दादांचा सूर. पार्टीतलं प्रत्येक गाणं काळी चारलाच सुरू व्हायचं. दादांची बोटं दुसरीकडं कधी गेलीच नव्हती.

"बाई काळी एकला सा पकडतात, तू त्याला म म्हणतेस," लाजू म्हणाली. "तुझ्या डोक्यात ना, पप्पांच्या पेटीचा सा फिक्स बसलाय यार. आमच्या दरबारात जो पहिला उचलेल त्याचा सा. आज इकडे, उद्या तिकडे."

अंजनाला आधी हायसं वाटलं. आपण बहिऱ्या नाही, वेड्याही नाही. पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. जो सूर जन्मापासून कानात होता, तो काढून टाकायचा कसा?

दोघींनी रोज कॉलेज सुटल्यावर सराव सुरू केला. खालून शिलाई मशीनच्या मोटरींची घरघर वर यायची. लाजू म्हणायची, "हाच सा. गा." पाण्याचा पंप लागला की, "आता हा सा. गा." अंजना सुरुवात बरी करायची. पण चार सूर चढली की नेहमीच्या गल्लीकडं पाय आपोआप वळावेत तसा गळा काळी चारकडं वळायचा आणि आपण वळलोय हे तिला कळायचंही नाही. लाजू हात वर करून थांबवायची. पुन्हा सा. पुन्हा घसरण. कधी कधी तर नवा सा ठरायचा नाही आणि जुनाही सुटून जायचा. त्या वेळी ती इतकी घाबरायची की पेटीची कड घट्ट धरून ठेवायची.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. जयंती जवळ आली होती आणि घरी पार्टीची तालीम चालू होती. भीमरावांनी ओळ सोडली आणि अंजनानं ती उचलली, पण भलत्याच सुरात. ढोलकी थांबली. पार्टीतले हरिचंद्रकाका तिच्याकडं बघायला लागले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"काय झालं गं?" भीमरावांनी विचारलं.

अंजनाच्या तोंडून निघून गेलं, "दादा, एकदा काळी एकला वाजवता का?"

"का?" भीमरावांचा हात भात्यावरच थांबला. "माझी पट्टी चुकीची हाय, असं शिकवतात का तुमच्या कॉलेजात?"

"तसं नाही, दादा."

"मग कसं?"

भीमरावांनी भाता लावून टाकला. चहा झाला, माणसं गेली, पण बापलेकीत त्या दिवशी बोलणं झालं नाही. आता कॉलेजही जाणार आणि घरचं गाणंही, असं अंजनाला वाटून गेलं. तरी दुसऱ्या दिवशी ती लाजूकडं गेली. जाण्यावाचून दुसरं काही सुचतच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात मुली रांगेनं बसल्या होत्या. अंजनाचं नाव पुकारलं तशी ती उठून आत गेली. परीक्षक वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी पेटीवर बोट ठेवलं, पांढरी एक. मग तीन सूर वाजवले.

"ग..." अंजना बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "सर, सा परत द्याल का?"

त्यांनी दिला. तिनं डोळे मिटले आणि तो सूर हळू आवाजात लांबवला. आतून जुना कान ओरडत होता, हा ग आहे, ग आहे. ती लांबवत राहिली. श्वास संपला, तिनं पुन्हा घेतला. मनातल्या मनात त्या सुराचा पंचम लावून बघितला. तो सापडला आणि पायाखाली काहीतरी लागलं.

"सा रे म," ती म्हणाली.

परीक्षकांनी मान हलवली नाही, नुसता पुढचा तुकडा वाजवला. तो बरोबर आला. त्याच्या पुढचा चुकला. मग त्यांनी एक कागद पुढं केला. "हे वाचून गा."

कधी न पाहिलेली स्वरलिपी. तानपुरा चालू होता. पहिली ओळ तिनं पार केली. दुसऱ्या ओळीत खाली आडवी रेघ दिलेला ध होता, कोमल धैवत. तिनं तो लावला आणि तिच्या अंगावर काटा आला. हा तर काळी चार. नेमका घरचा सा. एकदम सगळं सोपं वाटलं, गळा सैल झाला आणि पुढचे सूर तिथूनच धरून ती गात सुटली. सुंदर गात होती ती. फक्त ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पण या वेळी तिला ते ऐकू आलं. तानपुरा एकीकडं आणि आपण दुसरीकडं.

ती थांबली. परीक्षेत मधेच थांबणं म्हणजे मार्क गेलेच, हे तिला ठाऊक होतं.

"सर, मी घसरले. दुसऱ्या ओळीपासून परत घेते."

उत्तराची वाट न बघता तिनं तानपुऱ्यातला सा धरला आणि पुन्हा निघाली. कोमल धैवत आला. तो घर म्हणून हाका मारत होता. तिनं त्याला धैवतच ठेवलं आणि पुढं गेली. आवाज कापरा झाला, शेवटची ओळ कशीबशी संपली.

"थांबायला कुणी सांगितलं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

"कुणी नाही. मला ऐकू आलं."

त्यांनी चष्मा वर सारून तिच्याकडं नीट पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलवायला सांगितलं. बाहेर लाजूनं, "क्या हुआ?" विचारलं तेव्हा अंजनाला नुसतं रडू आलं.

निकाल लागेपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती पास झाली होती. स्वरज्ञानात काठावर, गाण्यात चांगली. सबनीस बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी दर वेळी सा बदलणार आहे. तयारीनं ये." या वेळी अंजनानं नजर चुकवली नाही, ती "हो" म्हणाली.

घरी आईनं तिच्या हातावर साखर ठेवली. भीमराव दारात बसले होते.

"म्हंजे," त्यांनी विचारलं, "आता तुला माझ्यासंगं गायला जमनार न्हाई?"

अंजना चमकलीच. एवढे दिवस आपण एकट्याच घाबरलोय असं ती धरून चालली होती.

"जमेल की, दादा," ती त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "तुमचा सा कुठं आहे, ते आता मला जास्त नीट कळतं."

भीमरावांनी मान डोलावली, तरी त्यांचा पुरता विश्वास बसलेला दिसला नाही. मग उठून आत जाता जाता म्हणाले, "रविवारी वांगणीला कार्यक्रम हाय. लवकर निघायचंय."