भिंतीवरची वाफ

माझा नवरा बाल्दो चित्रकार उत्तम, पण व्यवहारात शून्य. ड्यूक एर्कोलानोंनी गरम झऱ्याच्या स्नानगृहात, पाण्यात उपचार घेतानाचं आपलं चित्र भिंतीवर काढायला सांगितलं. पसंत पडलं तर किल्ल्याजवळचं घर आमचं. नाहीतर आहेच माझ्या आईचं घर आणि तिच्या अकरा कोंबड्या.

ह्यांनी पहिल्याच दिवशी ओल्या गिलाव्यात सरकारांचं पोट होतं तेवढं रंगवलं. ओल्यात काढलेलं भिंतीतच मुरतं. बदलायचं तर भिंत खरवडायची.

सरकार भडकले. "हा भोपळा कुणाचा? पंधरा दिवसांत मी बारीक होणार आहे. सोळाव्या दिवशी शेजारच्या राज्याचा राजदूत येतोय. तिकडे मी मरायला टेकलोय म्हणून आवई उठलीय. त्याला मी ठणठणीत दिसलो पाहिजे!"

खरवडायला वेळ कुठला? मी अंड्यात पांढरा रंग कालवला.

"पोटावर वाफ रंगवा."

"अगं, कोरड्या भिंतीवरचा रंग इथे टिकायचा नाही."

"जन्मभर कुठे टिकवायचाय?"

वैद्य उगोलिनोंनी सरकारांना नुसतं पाणी आणि उकडलेला पाला सांगितला होता. तरी रोज दुपारी मेंढीच्या दुधाचं चीज आत पोचायचं. कोण पोचवायचं, ते विचारू नका.

सोळाव्या दिवशी राजदूत आला. सरकार गळ्यापर्यंत पाण्यात. तेवढ्यात भिंतीवर रंगवलेली वाफ सुटली आणि तिचे पापुद्रे थेट सरकारांच्या डोक्यावर पडले. खालचं रंगवलेलं पोट उघडं! बाल्दो पांढराफटक पडला. मला तर कोंबड्यांचा आवाजच ऐकू यायला लागला.

"हुजूर, हे पहिल्या दिवसाचं पोट!" मी ओरडले. "फरक कळावा म्हणून मुद्दाम झाकून ठेवलं होतं."

वैद्यांनाही नोकरी प्यारी. "चांगलं चार बोटं उतरलंय!"

"वा!" राजदूत म्हणाला. "मग उठा की सरकार, आम्हालाही बघू द्या."

सरकारांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मध्येच उठलं तर गुण जातो," वैद्य घाईघाईने म्हणाले.

"थांबतो मी." राजदूताने बाक ओढलं.

दोघंही हटेनात. शेवटी दुपारच्या घंटा झाल्या, राजदूताला भूक लागली आणि तो सरकारांच्या चिकाटीचं कौतुक करत गेला. सरकार बाहेर आले. बोटं भिजवलेल्या वालासारखी सुरकुतली होती आणि पोट भिंतीवरच्यापेक्षा चार बोटं जास्तच.

"घर तुमचं. पण बाल्दो, पुढच्या चित्रात मला गळ्यापर्यंत पाण्यात काढ." मग ते माझ्याकडे वळले. "आणि बाई, आजचं चीज कुठाय?"