चुकांची वही

मास्तरांनी घसा खाकरला, कागद हातभर लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"'रुग्णालयाच्या नव्या बाह्यरुग्ण विभागाचे उद्घाटन येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता...'"

"मंगळवारी," भिंगरी म्हणाली. "उद्घाटन मंगळवारी आहे."

मास्तर थांबले. मॅडमकडे न बघता त्यांनी त्या शब्दाखाली बारीक रेघ मारली. "टाइप करताना झालं असेल माझ्याकडून," ते म्हणाले आणि खणातून लांबोडकी वही काढून नोंद करायला लागले.

"या आठवड्यातली तिसरी, मास्तर," मॅडम म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं, कारण वहीतल्या चुकीवर बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता.

रुग्णालयाचा जनसंपर्क विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट आणि चादरींचं कोठार यांच्या मधली एक खोली. तीन टेबलं, दोन कपाटं आणि रुग्णवाहिकांच्या दिशेला उघडणारी एक खिडकी. मॅडम विभागप्रमुख. मास्तर त्यांचे सहायक, अकरा वर्षांपासूनचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याचा कागद दिसला की हात लाल पेनाकडे जायचा, म्हणून मास्तर. भिंगरी सहा महिन्यांपूर्वी आलेली प्रशिक्षणार्थी. ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती.

खोलीचे कायदे दोन. पहिला, लिहिणाऱ्याने आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने ऐकायचं आणि वाचणाऱ्याने कोपऱ्यात 'वाचले' म्हणून सही करायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही, पण ऐकू येते, असं मॅडमचं म्हणणं. दुसरा कायदा वहीचा. ज्याची चूक त्याने ती स्वतः लिहायची, तारीख घालून सही करायची, आणि मग त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही.

आज मात्र त्या वहीची गरज पडणार होती. प्रशासनाचं पत्र मॅडमच्या टेबलावर चार दिवस उपडं पडलं होतं. विभागात यापुढे तीन नव्हे, दोनच माणसं. सहायकाला ठेवायचं की प्रशिक्षणार्थीला कायम करायचं, याची शिफारस विभागप्रमुखांनी आज पाचच्या आत पाठवायची. सकाळी प्रशासन अधिकाऱ्यांचा फोनही येऊन गेला.

"तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय, मॅडम. तो माणूस थकलाय. चुका किती होतात, आमच्याही कानावर येतं. एक घाव दोन तुकडे करा आणि मोकळ्या व्हा."

मोकळ्या व्हा म्हणणाऱ्याचं काय जातं? मास्तर सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांची मुलगी यंदा दहावीला, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? भिंगरीच्या घरचे तिच्या मामाच्या दुकानात तिच्यासाठी खुर्ची राखून बसले होते. नोकरी पक्की झाली नाही तर महिनाअखेर परत यायचं, असं ठरवूनच त्यांनी तिला धाडलं होतं. मॅडमचा नवरा म्हणाला, चिठ्ठ्या टाक. त्या हसल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तशी त्यांनी वही पुढे ओढली. आकडे तरी खोटं बोलणार नाहीत. वर्षभरात मास्तरांच्या सत्तावीस चुका. भिंगरीच्या सहा महिन्यांत चार. मॅडमची एकही नाही. त्यांना बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. चौपन्नाव्या वर्षी इतकं कोरं पान कोणाचं असतं?

मग एका नोंदीवर त्यांचं बोट अडखळलं. 'नेत्रतपासणी शिबिर रविवारी, पत्रकात शनिवार.' खाली मास्तरांची सही. ते प्रकरण त्यांना चांगलं आठवत होतं. शनिवारी सकाळी चाळीस म्हातारी माणसं पायऱ्यांवर येऊन बसली होती आणि मॅडमनी मास्तरांना सगळ्यांदेखत झापलं होतं. मास्तर म्हणाले होते, हो मॅडम, माझ्या हातून झालं. पण ते पत्रक लिहिलं त्या दिवशी खोलीत कोणीच नव्हतं. ऐकायला माणूस नाही म्हणून त्यांनी ते भिंतीला वाचून दाखवलं होतं आणि स्वतःशीच हसल्या होत्या. त्यांनी हजेरीपत्रक काढलं. पत्रक लिहिलं त्या आठवड्यात मास्तर रजेवर होते, मुलीचा हात मोडला होता म्हणून.

त्या पुढची नोंद बघायला लागल्या. मग तिच्या पुढची.

भिंगरी डबा धुऊन आत आली तेव्हा वही तशीच उघडी होती.

"इकडे ये. या सत्तावीसमधल्या मास्तरांच्या किती?"

भिंगरीने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ते मला म्हणाले होते, सांगू नकोस."

"मी विचारतेय."

"पाच-सहा असतील. बाकीच्या..." ती थांबली. "मी पहिल्याच महिन्यात त्यांना विचारलं, मॅडम. या तर मॅडमच्या आहेत ना, म्हटलं. ते म्हणाले, झाकली मूठ राहू दे. मॅडमनी मला घडवलंय, तेवढं करू दे. मला नाही पटलं ते. पण ते मोठे आहेत."

"आजचा सोमवार?"

"तुमच्या हाताने लिहिलेल्या कागदावरही सोमवारच होता, मॅडम."

मॅडमची आई टेलिफोन ऑपरेटर होती. चारशे नंबर तिला तोंडपाठ असायचे, वही न उघडता. आता ती दादाकडे असते आणि वहिनीला दिवसातून दहादा विचारते, तुम्ही कोणाकडच्या? तिचं सुरू झालं होतं ते वार चुकण्यापासून. तेव्हा सगळ्यांनी तिची थट्टा केली होती, मॅडमनीसुद्धा. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वाहनतळावर उभं राहून आपण गाडी आणली की बसने आलो, हे मॅडमना दहा मिनिटं आठवलं नव्हतं. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. आणि इथे एक माणूस वर्षभर त्यांचं विसरणं स्वतःच्या नावावर लिहून घेत बसला होता, वर त्यांची बोलणीही खात होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून खिडकीशी गेल्या.

"मी मास्तरांना ठेवणार आहे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुला आधी सांगते. उगाच आशेवर नको राहूस. शिफारसपत्र देईन, चांगलं देईन."

"हो, मॅडम," भिंगरी म्हणाली. डबा टेबलावर ठेवून ती बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

चार वाजता मॅडम स्वतः पत्र टाइप करायला बसल्या. तीन ओळी होईपर्यंत वहिनीचा फोन आला. आईने अंघोळीला जायचं नाही म्हणून दाराला आतून कडी घातली होती. मॅडमनी दाराबाहेरून बोलावं तसं फोनवरून आईला समजावलं, कडी निघाली, मग त्यांनी पत्र पुरं केलं. भिंगरीला त्यांनी काहीतरी आणायला तळमजल्यावर पाठवलं. मास्तरांना ही बातमी त्यांच्याच तोंडून ऐकू यावी, असं त्यांच्या मनात होतं. आभार मानणं त्यांना कधी जमलं नव्हतं. हे जमण्यासारखं होतं.

"हे वाचा, मास्तर. मी ऐकते."

मास्तरांनी पत्राचा मथळा पाहिला आणि क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग कागद लांब धरला. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि फोन पुन्हा वाजला. मॅडमनी तो कानाला लावत हातानेच खूण केली, चालू ठेवा. वहिनी सांगत होती, आई आली एकदाची बाहेर, अंघोळ झाली, आता झोपली आहे. मास्तरांचा आवाज त्याच्या मागे एका पट्टीत चालला होता. मध्ये एकदा तो तुटला. मग पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत गेला.

मॅडमनी फोन ठेवला. "काही चूक?"

"नाही, मॅडम. स्वच्छ आहे." त्यांनी कोपऱ्यात 'वाचले' लिहून सही केली.

त्या वाट बघत होत्या. मास्तर हसले नाहीत, आभार मानले नाहीत, नुसतं टोपण पेनाला लावलं. माणूस असा कसा, असं त्यांना वाटून गेलं.

"खालच्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे देऊ?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे? असू देत की तुमच्याकडेच."

"बरं. महिनाअखेरपर्यंत ठेवतो."

ते आपल्या टेबलाकडे गेले. मॅडमना त्यांचं बोलणं चमत्कारिक वाटलं, पण घड्याळात पावणेपाच झाले होते. भिंगरी वर आली तसं त्यांनी सही करून पत्र तिच्या हातात दिलं.

"जावक वहीत नोंद कर आणि प्रशासनात देऊन ये. पळ."

भिंगरीने उभ्याउभ्याच जावक वही उघडली. विषय लिहायचा म्हणून पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. दारापर्यंत गेली, तिथे थांबली. मॅडम बघत होत्या. कधी नव्हे ते ती अगदी स्थिर उभी होती. पाचला दहा मिनिटं कमी होती, लिफ्ट दारातच उभी होती, आणि तिने काही केलं नसतं तरी कोणी तिला दोष दिला नसता. ती परत आली.

"मॅडम, एक विचारू? दुपारी तुम्ही मला सांगितलंत ते बदललंय का?"

"नाही. का?"

तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि चौथ्या ओळीखाली बोट धरलं.

'प्रशिक्षणार्थीस कायम करावे. सहायकाचे पद कमी करण्यास या विभागाची हरकत नाही.'

मॅडमनी ते वाचलं. खाली त्यांची सही, कोपऱ्यात मास्तरांची. पलीकडे मास्तर खणातून चष्म्याचं घर, गोळ्यांची पाकिटं आणि मुलीचा शाळेतला फोटो काढून पिशवीत भरत होते, आवाज न करता. वीसेक वेळा त्यांची चूक सावरलेल्या माणसाला ही एकच चूक सावरता येण्यासारखी नव्हती; ती त्याच्या स्वतःच्याच नोकरीची होती.

हो, बदललं, असं म्हणणं सोपं होतं. तेवढे दोन शब्द, की झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती, आणि समोरच्या पोरीचंही भलं झालं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. पत्राकडे नाही.

"पिशवी ठेवा खाली, मास्तर," मॅडम म्हणाल्या. "आणि वही आणा."

मास्तरांनी वही आणली, सवयीने पेनही काढलं. मॅडमनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि कोरी ओळ शोधून लिहिलं: 'शिफारसपत्रात कोणाला ठेवायचे ते उलटे लिहिले. वाचून दाखवताना ऐकले नाही.' सही केली. वही मास्तरांकडे फिरवली.

"हे मला कळलंच नाही," त्या मास्तरांना म्हणाल्या. "मला वाटलं, मी तुम्हाला ठेवलंय."

मास्तर खुर्चीवर बसले. "मला वाटलं, तुमचं बरोबरच आहे."

मॅडमनी नवं पत्र टाइप केलं. पाचला चार मिनिटं कमी असताना ते भिंगरीपुढे धरलं. "तू वाच."

"मी?"

"तूच."

भिंगरीने कागद घेतला. आवाज मोठा आणि सरळ लावला, जणू दुसऱ्याच कोणाचं पत्र आहे. सहायकास कायम ठेवावे, या ओळीवर ती अडखळली नाही. प्रशिक्षणार्थीचा कालावधी महिनाअखेर संपेल, यावरही नाही. शेवटाला येऊन तिने पान वर सरकवलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, तारखेत महिना मागचा पडलाय."

मास्तरांचा हात आपोआप वहीकडे गेला होता. मॅडमनी वही अलगद आपल्याकडे ओढली, दुसरी ओळ सुरू केली आणि मान वर न करता विचारलं,

"आज तारीख काय आहे, गं?"

भिंगरीने सांगितली.