तुमच्या धंद्यात धोका किती?

परळीच्या पौषातल्या उन्हाला राखेची एक पुसट कड असते. तीच कड शलाकाबाईंच्या चष्म्यावर दिवसातून दहादा बसायची, आणि प्रत्येक प्रश्नाआधी त्या ती ओढणीच्या टोकाने पुसायच्या. आधी डावी काच, मग उजवी, मग क्षणभर मिटलेले डोळे, आणि मग प्रश्न. समोर वीटवाला असो की फळवाला, त्या निःशब्द अवकाशात तो आपसूक सावरून बसायचा. आजही कुणी चष्मा पुसू लागलं की मी सावरून बसतो.

परदेशातल्या एका विद्यापीठात त्या उद्योजकता शिकवत. उगवत्या बाजारपेठांमधला माणूस हाताशी काही नसताना धंदा कसा उभा करतो, हे त्यांच्या चिंतनाचं केंद्र, आणि वीजकेंद्राच्या राखेतून विटा पाडणाऱ्या, भंगारातून यंत्रं घडवणाऱ्या आमच्या गावाने त्यांना खुणावलं होतं. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला, अंगात रग आणि हातात लाल पेन तेवढं उरलेला. प्रश्नावलीची भाषा तपासायला आणि सोबत हिंडायला त्यांना मी मिळालो. की मीच गळ्यात पडलो, देव जाणे.

बाराव्या प्रश्नाशी माझं पेन थबकलं. ‘तुमच्या धंद्यात रिस्क किती?’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मायमराठीला शब्दांचा दुष्काळ पडलाय का, असं मी त्यांना फाडकन विचारलं. बाजारात हाच शब्द कानी येतो, असं त्या चाचरत म्हणाल्या. पण बालपण मराठीबाहेर गेलेल्या त्या बाईला आपल्या मराठीचा संकोच होता आणि मला माझ्या मराठीचा माज. रिस्कवर लाल रेघ ओढून मी वर ठसठशीत लिहिलं, ‘धोका’.

मग तो सगळा हिवाळा आम्ही हिंडलो. सकाळचं कोवळं ऊन विटांच्या थप्प्यांवरून उतरत असायचं, कुठे कानशीचा करकराट, कुठे डाळिंबांवर पाणी शिंपडल्याचा आवाज, आणि त्यात शलाकाबाईंचा मृदू, एकसुरी स्वर. अकरा प्रश्नांपर्यंत माणसं खुलायची. बाराव्याला मात्र हात छातीवर जायचा, नजर ताठ व्हायची, आणि उत्तर एकच यायचं: अजिबात न्हाई. एका फळवाल्याने तर दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. दुसरा अर्धा चहा टाकून उठला. शलाकाबाई प्रत्येक वेळी खिन्न होऊन कागदावर खूण करायच्या, आणि शेजारी मी विद्वानासारखा मान हलवायचो.

जाण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला निष्कर्ष वाचून दाखवला. इथल्या माणसाला जोखमीची जाणीवच नाही. तो उद्योजक नव्हे, निव्वळ पोटार्थी आहे. हा निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादेत थोर मंडळींपुढे वाचायचा होता, आणि त्यावर तिथल्या संस्थेतली त्यांची कायमची नेमणूक अवलंबून होती. ऋणनिर्देशात माझं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं.

गाडी संध्याकाळची होती. दुपारी स्कूटर दाखवायला मी मेहबूबभाईंकडे गेलो. जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांतून राखेच्या विटांचं दाबयंत्र घडवणारा हा मेकॅनिक एरवी मला पाहताच स्टूल पुसायचा. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा पाना खाली ठेवून तो म्हणाला, “सर, तुमी सोबत होते म्हणून गप बसलो. धंद्यात धोका किती, असं कुनी तोंडावर इचारतं का? आमी काय बेइमान हाय?”

धोका म्हणजे दगा. निजामाच्या काळापासून या बाजारात दुसरा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. मी इथेच जन्मलो, याच अर्थाने तो शब्द आईच्या तोंडून ऐकला, आणि लाल पेन हातात घेताच विसरलो. मी विचारलं, आणि रिस्क?

तो हसला. “सगळी रिस्कच हाय की, सर. पक्की नोकरी सोडली, तीनदा यंत्र फुटलं, चौथ्यांदा चाललं.”

स्टेशनपर्यंतचं अंतर ते किती! पण त्या वाटेवर मी स्वतःशी जेवढं भांडलो तेवढं आयुष्यात कुणाशी भांडलो नसेन. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? गावाचा अपमान लांबच्या कुठल्याशा ग्रंथालयात धूळ खात पडला असता, आणि माझं नाव छापलं गेलं असतं. लाज वाटते सांगायला, पण फलाटावर पोचेपर्यंत माझा निर्णय झालेला नव्हता.

शलाकाबाई डब्यात खिडकीशी बसल्या होत्या. मला पाहून हसल्या. त्या हसण्यानेच माझा बांध फुटला, आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. नुसता हातात धरून बसल्या. मावळतीचा तांबूस प्रकाश त्यांच्या उघड्या डोळ्यांवर पडला होता आणि त्या डोळ्यांत राग शोधूनही सापडेना, याचीच मला धडकी भरली. इंजिनाने शिट्टी दिली. त्या उठल्या, वरची बॅग खाली ओढली आणि गाडी हलायच्या आत फलाटावर उतरल्या.

“सर, उद्या पहिल्यापासून,” एवढंच म्हणाल्या.

हैदराबादची नेमणूक दुसऱ्या कुणाला मिळाली. इकडे चैत्राची उन्हं तापेपर्यंत त्या दारोदार फिरल्या, आधी माफी मागत, मग रिस्क विचारत. आणि माणसं बोलतच राहिली. मेहबूबभाईंनी पुन्हा स्टूल पुसलं. मग त्या गेल्या त्या गेल्याच, परत आल्या नाहीत. दोन वर्षांनी टपालाने पुस्तक आलं. ऋणनिर्देशात माझं नाव जसंच्या तसं होतं. पहिल्या कोऱ्या पानावर मात्र लाल शाईत, त्यांच्या जपून काढलेल्या मराठी अक्षरांत एकच ओळ होती: ‘सर, तुमच्या धंद्यात धोका किती?’

विचारणारी दूर निघून जाते, विचारण्याचा ऋतूही सरतो, आणि उत्तर द्यायला आपण एकटे मागे राहतो. दर पौषात मी ते पान उघडतो, छातीवर हात ठेवतो, आणि तो तिथे फार वेळ ठेववत नाही.