भावोजींचा नसलेला आड

२०२३ साली तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत सांडपाण्याची मोठी नळी घालायला जमिनीखालून पोखरत जाणारं यंत्र आलं. रस्ता खणायचा नाही. गल्लीच्या एका टोकाच्या खड्ड्यातून ते सोडायचं, मागून सिमेंटच्या नळ्या ढकलत राहायच्या आणि दुसऱ्या टोकाला वर काढायचं.

त्याआधी कविता नावाची तरुण इंजिनियर घरोघर तमिळमध्ये विचारत फिरली, "तुमच्याकडे विहीर आहे का?"

माझे धाकटे दीर अनिरुद्धराव तिण्णैवर, म्हणजे दाराच्या ओट्यावर, बसले होते. तिथेच, त्यांच्या बुडाखालच्या फळ्यांखाली, आमचा आड.

"नाही," ते म्हणाले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "भावोजी, धडधडीत खोटं?"

"तुम्हाला कळत नाही, वहिनी. सरकारी माणूस विहिरीची चौकशी बुजवायलाच करतो. या वयात मी नळाच्या पाण्यानं संध्या करू?"

मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे घरोघरचे रहाट करकरायचे. आता आमचा हा एकच आड उरला होता. त्यांचा जीव तुटायचा ते मला समजत होतं. पण "मी सांगते तिला" म्हटलं, तर अन्न सोडीन म्हणाले. आता या माणसाशी काय बोलायचं?

महिन्याभरानं एका सकाळी त्यांनी घागर ओढली, तर आत राखाडी चिखल. तसेच उघड्या अंगानं ते खड्ड्याकडे धावले, मागे मी.

"माझ्या आडाची काय दशा केलीत!"

कविता गोंधळली. भावोजींना ती ताता, म्हणजे आजोबा, म्हणायची. "कुठला आड, ताता? तुमच्याकडे विहीर नाही ना?"

भावोजी म्हणाले, "विहीर नव्हे ती. टाकी आहे. खोल टाकी."

यंत्राच्या तोंडाशी दाबून ठेवलेला चिखल आडात वाहून जात होता आणि यंत्र अडकून पडलं होतं.

"मागे घ्या ते!"

"मागे येत नाही, ताता. मागे नळ्या आहेत. त्यानं आडाची भिंत फोडलीय. आता सिमेंटनं आड भरायचा, मगच ते पुढे सरकेल."

"आणि मी आधी सांगितलं असतं तर?"

"तर नळी पलीकडून नेली असती. नकाशावर रेघ सरकवायची, बस्स."

मी कपाळावर हात मारला. भावोजी मात्र तिच्यावरच डाफरले, "मग नीट खोदून विचारायला नको होतं?"

आड भरला. सिमेंटची गाडी जाईपर्यंत ते आतल्या खोलीत कडी लावून बसले. दाराशी कॉफी ठेवली, ती निवून गेली.

यंत्र पलीकडून सुखरूप निघालं. कविता आता पापनाशमला अशाच कामावर आहे. पोंगलला फोन करते. भावोजी गेल्या मार्गशीर्षात गेले. तोवर रोज नळाच्याच पाण्यानं संध्या केली, आणि त्याला औषधाचा वास येतो म्हणून रोज माझं डोकं खाल्लं. मी आता त्यांच्या मुलीकडे, विनुताकडे राहते. परवा तिला म्हटलं, "तुझ्या नळाला वास येतो गं."

"काकू," ती म्हणाली, "आता तुम्हीही सुरू झालात?"