तळखडे

मला पगार मिळतो तो शहाणपणाचा. कुठल्या देशात जमीन मालकीची मिळते, कुठे भाडेपट्ट्याने, घरपट्टी कुठे किती, याचे तक्ते मी कंपन्यांना करून देतो. दर रविवारी परदेशातून घरी फोन केला की बाबांसमोरही हेच पाजळायचो. एका देशात सगळी जमीन सरकारची, लोक सत्तर वर्षांपुरते तिच्यावर राहतात. दुसऱ्या एका देशात तीन-तीन पिढ्या भाड्याच्या घरात जातात आणि त्याची कुणाला लाज नाही. मी राहतो तिथे घर आणि जमीन दोन्ही आपली, पण घरपट्टी थकली की लिलाव.

बाबा ऐकून घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "सत्तर वर्षं संपली की ती माणसं घर कुठे नेतात?"

मी हसलो. घर कुणी नेतं का कुठे?

बाबा सुतार. आमच्या घराखालची जमीन एका संस्थेची, चाळीस वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली. पट्ट्यात अट होती, की मुदत संपल्यावर जमिनीत पक्कं रोवलेलं सगळं संस्थेचं, सुटं करून नेता येईल ते आपलं. बारा देशांचे पट्टे मी कलमागणिक वाचले होते, घरचा एक वाचला नव्हता. बाबांनी तो वाचूनच घर बांधलं होतं. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर नुसते टेकवलेले, खिळा एकही नाही, सगळे सांधे खुंट्यांचे, आणि प्रत्येक सांध्यावर आतल्या बाजूने पटाशीने आकडा कोरलेला. गावाबाहेर त्यांनी स्वतःच्या मालकीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. पट्टा संपला की घर सोडवायचं आणि तिथे आकड्यांबरहुकूम उभं करायचं, असा त्यांचा बेत.

हा बेत खरा आईसाठी होता. तिची नजर चालली होती. घर मात्र तिला हाताने पाठ होतं. तिसऱ्या खांबाला कमरेइतक्या उंचीवर गाठ होती, तिथून चार पावलांवर स्वयंपाकघराचं दार. डोळे गेले तरी घर तेच राहील, असा शब्द बाबांनी तिला दिला होता. मलाही ते एकदा सांगायला लागले होते, पण मी मध्येच तोडलं. म्हटलं, बांधकाम पक्कं असलं की पट्टा वाढवून देतातच, कुठल्याही देशात बघा.

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोघं तीन आठवडे दुसऱ्या शहरात होती. तेवढ्यात मी सुट्टी काढून आलो, मजूर लावले आणि सगळे खांब गुडघ्यापर्यंत काँक्रीटमध्ये पक्के करून टाकले. वर गुळगुळीत फरशी. खांब नुसते दगडावर टेकलेत हे बघून घर कधीही कोसळेल असं मला वाटलं होतं.

ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. बाबा आईचा हात धरून दारात आले आणि थबकले. खाली वाकून त्यांनी काँक्रीटवरून बोट फिरवलं. वाळलंय का बघतायत, असं मला वाटलं.

"छान केलंस," ते म्हणाले.

मी खूश होऊन विमानात बसलो. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभराने पट्टा संपला. संस्थेने तो वाढवला नाही. त्या दिवशी मी हजर होतो. संस्थेचा कारकून यादी घेऊन आला, भला माणूस होता. खांब काँक्रीटच्या वरून कापून घेतो, बाबा म्हणाले. कारकुनाने कलमावर बोट ठेवलं, रोवलेल्या खांबांवर उभं असलेलं सगळंच आता संस्थेचं, आणि खालच्या आवाजात सांगितलं, "काका, मागच्या वर्षी आलो असतो तर अख्खं घर सुटं म्हणून लिहिलं असतं." त्या क्षणी मला सगळं समजलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बिजागरीच्या खुंटावरून उचलून निघणारी एकच मोठी वस्तू होती, स्वयंपाकघराचं दार. कारकुनाने लिहिलं, दार एक, सुटं.

मालकीच्या तुकड्यावर नवं घर बांधायचं बाबांचं वय राहिलं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सामान लावलं. दार कुठेच बसेना, म्हणून बाबांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं. आई दिवसभर भिंती चाचपत होती, कोपऱ्यांवर आपटत होती. संध्याकाळी तिच्या हाताला ते दार लागलं. बोटांनी तिने कडी ओळखली आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"सापडलं गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "थांबा, चहा टाकते."

तिने कडी काढली आणि दार लोटलं. मग पुन्हा, खांदा लावून.

"अहो," तिने हाक मारली, "आतून कोणी लावून घेतलंय का?"

बाबा उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग तिला," ते म्हणाले.