राजाचा पॉज

नाटक शिकणाऱ्या मुलीने मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून मेंदूविज्ञान घेतलं, की लोक आधी हसतात आणि मग सल्ला देतात. आमच्या आईने दोन्ही एकदम केलं. आमच्या लॉन्ड्रीत शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत ती म्हणाली, "आधी स्वतःचा मेंदू कुठे ठेवलायस तो शोध, मग लोकांचे बघ." समोरचं गिऱ्हाईकही खिदळलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण गिऱ्हाईकासमोर काय बोलणार?

मला कारण होतं. गेल्या वर्षी भर नाटकात मी एक वाक्य विसरले. समोरच्याचं बोलणं ऐकू येत होतं, प्रेक्षक दिसत होते, पुढच्या प्रवेशातली वाक्यंसुद्धा आठवत होती; हवं ते एकच गायब. नंतर मेकअप पुसताना आलं, कुणी न बोलावता. मग मधल्या वेळात ते होतं कुठे? आमच्या नाटकाच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "तालीम कमी पडली." हे काय उत्तर झालं!

म्हणून मी मेंदूविज्ञानाच्या बाईंकडे गेले. त्यांच्या मायनरला जीवशास्त्रवाले येतात, कॉम्प्युटरवाले येतात, मानसशास्त्रवाले तर थव्याने येतात. नाटकवालं तोवर कुणी फिरकलं नव्हतं. बाईंनी चष्म्यावरून मला न्याहाळलं.

"घेते तुला. पण सहामाहीच्या शेवटी स्वतःचा एक प्रयोग करून दाखवायचा. परीक्षकांना पटला तर पुढे, नाहीतर मायनर सोडायचं आणि गुमान नाटक करायचं. कबूल?"

"पटेल त्यांना," मी ठसक्यात म्हटलं. ठसका तेवढा भरपूर आहे आपल्याकडे.

जोडीला कॉम्प्युटरचा एक मुलगा मिळाला. एकदा बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून सगळे त्याला इंजिन म्हणतात. आमचा प्रयोग अगदी साधा. टेबलावर दिवा, हाताखाली बटण. दिवा लागला की बटण दाबायचं, मध्ये किती वेळ गेला ते कॉम्प्युटर मोजणार. माझं म्हणणं, नट इतरांपेक्षा चपळ निघणार. समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं उचलायचं, दिवसभर दुसरं करतो काय आम्ही? तुलनेला अकाउंट्सच्या वर्गातली मंडळी बोलावली.

अकाउंट्सवाले आले आणि टकाटक बटणं दाबून गेले. मग माझी नटमंडळी आली. इंजिनने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, तुझे लोक झोपेतून उठून आलेत का?"

एकूण एक जण संथ. सगळ्यांत मागे राजा. हा आमच्या प्रत्येक नाटकात राजा होतो, कारण आवाज भारदस्त आहे आणि मुकुट दुसऱ्या कुणाच्या डोक्याला बसत नाही.

"अरे, दिवा लागला की बटण दाबायचं! एवढंच! त्यात काय डोंगर उचलायचाय?" मी कडाडले.

"दाबलं की," राजा शांतपणे म्हणाला. "आधी जरा घेतला."

"काय घेतलास?"

"पॉज."

मी कपाळावर हात मारून घेतला. राजा वर मलाच समजावायला लागला. "सर नाही का सांगत, वाक्य मिळालं की लगेच झडप घालायची नाही, आधी श्वास, मग काम." मागे उभ्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिन हसून हसून खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. मला मात्र रडू यायचं शिल्लक होतं. परवा परीक्षक येणार आणि माझे शिलेदार बटणावर अभिनय करून मोकळे!

"पुन्हा घेऊ," इंजिन म्हणाला. "पॉज न घेता दाबा म्हणून सांगू."

सांगितलं. राजाने छाती ठोकून कबूल केलं. दिवा लागला आणि पुन्हा तेच.

"आता खरंच नव्हता घेतला गं! आईशप्पथ!" तो काकुळतीला आला.

मी त्याला एक धपाटा घालायला पुढे झाले, आणि तेवढ्यात पुढचा दिवा लागला. त्याचे खांदे वर गेले, मग बटण दाबलं गेलं. पुन्हा दिवा, पुन्हा खांदे, मग बटण. हात तसाच हवेत ठेवून मी विचारलं, "इंजिन, श्वास मोजता येतो का रे?"

येत होता. बाईंच्या कपाटात छातीला बांधायचा पट्टा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा बसवलं. अकाउंट्सवाल्यांना बिस्किटांचं आमिष दाखवावं लागलं. त्यांचे श्वास मनाला येईल तसे चालले होते, दिव्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. नटांचे मात्र दिवा लागताच उचलले जायचे, जवळपास एकाच जागी, आणि बोट त्यामागून. कॉम्प्युटरवर त्या रेघा एकाखाली एक दिसल्या तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. मग लक्षात आलं की मी म्हणत होते त्याच्या बरोबर उलटं निघालंय, आणि तेच उद्या स्वतःच्या तोंडाने सांगायचंय.

परीक्षक तीन. बाई, एक डॉक्टर आणि एक संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

"नट चपळ असतात हे माझं म्हणणं चुकीचं निघालं," मी सुरुवातच केली. मग पॉज सांगितला, श्वास दाखवले. डॉक्टर पुढे सरकून बसले.

"म्हणजे बोटाला हुकूमच उशिरा जातो? की हुकूम वेळेवर जातो आणि हे लोक बोट आवरून धरतात?"

मी इंजिनकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा इंजिन बंद पडलं होतं. काहीतरी ठोकून द्यावं असं फार वाटलं. स्टेजवर मी तेच केलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

संपलं सगळं, असं वाटलं मला.

"पण बघता येईल," माझ्या तोंडून निघालं.

"कसं?" बाईंनी विचारलं.

"बोटाच्या स्नायूवर सेन्सर चिकटवायचा. बोट आधी जरासं शिवशिवलं आणि मग थांबलं, तर आवरून धरलंय. शिवशिवलंच नाही, तर हुकूमच उशिरा निघालाय."

"शिवशिवणं कुठल्याही कारणाने होईल," बाई म्हणाल्या.

"मग दिवा नसताना किती शिवशिवतं तेही मोजू!"

"माणसं फार कमी आहेत," प्राध्यापक म्हणाले. त्यावर इंजिन धडधडत सुरू झाला. डॉक्टर त्याच्या बाजूने, बाई माझ्या विरुद्ध, मी सगळ्यांच्या विरुद्ध. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. आवाज चढले. प्राध्यापक एकदा चक्क हसले. खाली कॅन्टीनवाल्याने शटर ओढलं तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो. खडूने माझे हात पांढरे झाले होते.

मी हळूच विचारलं, "बाई, मी पास की नापास?"

"नापास करायचं असतं तर एवढं भांडत बसले असते का मी?" बाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "सोमवारी सकाळी ये. आणि येताना त्या राजाला घेऊन ये. त्याच्या बोटाचं बघितल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही."